दोरी तुटली, मासा गेला

आमच्या काकांच्या अंत्ययात्रेला पहिल्या खेपेला काका स्वतः हजर होते. दुसऱ्या खेपेलाही होते, पण तेव्हा ते काही बोलले नाहीत. पहिल्या खेपेला मात्र बरंच बोलले, आणि त्यातलं बहुतेक मला उद्देशून होतं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. तरुणपणी कोयलीला रिफायनरीत नोकरीला आले आणि मावशीशी लग्न करून कायमचे बडोद्याचे झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती सगळी हौस त्यांनी माझ्यावर भागवून घेतली होती. त्यामुळे मावशी गेल्यावर मी त्यांना मांजलपूरला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. ते आले तेव्हा त्यांच्याकडे एक बॅग, औषधांचा डबा आणि बरंच मोठं झालेलं हृदय होतं. मोठं हा शब्द डॉक्टरांचा. मी आधी कौतुकाने ऐकला, मग त्यांनी त्याचा अर्थ सांगितला.

आमच्या सोसायटीत मराठी घर एकच, आमचं. समोरच्या हंसाबेननी पहिल्याच दिवशी नातं विचारून घेतलं. मावशीला गुजरातीत मासी म्हणतात आणि मासीच्या यजमानांना मासा. झालं! त्या दिवसापासून लिफ्टमधल्या पोरांपासून वॉचमनपर्यंत सगळे काकांना मासा म्हणू लागले. "मासा, केम छो?" "मासा, नीचे आवो ने." जिथे कांदा-लसूणसुद्धा खिडक्या लावून खातात, अशा सोसायटीत सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या तोंडी मासा. काकांना याचा भारी आनंद व्हायचा. कारण आमच्या मावशीने उभ्या संसारात घरात मासा शिरू दिला नव्हता (नवरा म्हणून आलेला सोडून).

डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, "ऑपरेशन झेपणार नाही. त्यांना जे करावंसं वाटतं ते करू द्या." मी काकांना आडून आडून विचारलं, कुठे जायचंय का, कोणाला भेटायचंय का. काका लगेच म्हणाले, "एक मोठा मासा धरायचाय."

"खायला?"

"छे रे. खायचं राहिलंय कुठे आता. गळाने गरवायचा, हातात घ्यायचा, नीट बघायचा आणि सोडून द्यायचा. लहानपणी धरायचो तसा. तुझी मावशी होती तोवर बोललो नाही. तिला वाईट वाटलं असतं."

मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, काका, तुमचा मासा माझ्याकडे लागला. (हे वाक्य मी आजवर ज्या ज्या कामाबद्दल बोललो आहे, ते ते काम बिघडलं आहे. पण माणसाला ऐन वेळी हे आठवत नाही.)

वास्तविक आमच्या घराण्यात पाण्याशी कोणाचा संबंध नाही. पणजोबांपासून सगळ्यांनी संस्थानाची दप्तरं सांभाळली. पण मी हिंमत करून मासे धरायचा एक रॉड आणि रीळ मागवलं. सगळ्या प्रकारच्या मासेमारीला चालेल असा हा रॉड आहे, असं खोक्यावर लिहिलं होतं. नवशिक्याला अशी वस्तू फार धीर देते. राहता राहिली दोरी, म्हणजे लाइन. रिळाबरोबर लाइन येत नाही हे मला खोकं उघडल्यावर कळलं.

"त्यात काय," काका म्हणाले, "साधी तंगूस आण. नायलॉनची असते ती. फार जाड नको, फार बारीक नको."

आता एवढ्यावर गप्प बसून मी तंगूस आणली असती तर ही हकिकत लिहायची वेळ आली नसती. पण मी व्हिडिओ पाहिले. लाइनच्या विषयावर जगात माणसं तासन् तास बोलतात आणि एकमेकांवर चिडतात. मीही आठवडाभरात चिडण्याइतका जाणकार झालो. तंगूस ही गरिबांची, जुन्या लोकांची वस्तू, असं माझं मत झालं. दुसरी एक लाइन पाण्यात दिसतच नाही म्हणतात. काका म्हणाले, "ती नको. मोतीबिंदूने मलाही दिसायची नाही." तिसरी विणलेली, केसासारखी बारीक आणि भलतीच मजबूत. व्हिडिओतल्या एका दाढीवाल्याने तिला मोटारसायकल टांगून दाखवली. मी तिथेच विरघळलो.

"ही ताणते का?" काकांनी विचारलं.

"अजिबात नाही. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

"मग कठीण आहे. मासा झटका देतो तेव्हा दोरीने थोडं ऐकून घ्यायला लागतं. तंगूस ऐकून घेते. शिवाय खडकावर घासली तर?"

"काका, मोटारसायकल टांगली होती."

"आपल्याला मोटारसायकल धरायची आहे का?"

मी तिथल्या तिथे लाइन मागवून टाकली.

हे सगळं बोलणं आमच्या गॅलरीत चाललेलं, आणि शेजारच्या गॅलरीत हंसाबेन कपडे वाळत घालत होत्या. मासेमारीचा बेत आम्ही सोसायटीपासून लपवला होता. मासा हा शब्दच आम्ही उच्चारायचा नाही असं माझ्या बायकोने, वृंदाने, बजावलं होतं, त्यामुळे बोलणं नुसतं रॉड आणि लाइन असं चालायचं. मी सांगत होतो, "रॉड छान बसलाय काका. आता फक्त लाइन टाकायची राहिली." आणि काका म्हणत होते, "तू टाकतोयस म्हणून भीती वाटते. ऐन वेळी काही झालं तर सगळं हातातून जाईल."

संध्याकाळी हंसाबेन गरम राब, म्हणजे आजाऱ्याला देतात ती गूळ-तुपाची पातळ पेज, घेऊन दारात. डोळे पाणावलेले. "वृंदाबेन, मासाना पगमां रॉड नाख्यो ने अमने कह्युं पण नहीं?"

पायात घालतात तो रॉड नव्हे, मासे धरायचा, हे खरं वृंदाला सांगता येईना. तिने मान हलवली. हंसाबेननी विचारलं, "कया पगमां?" वृंदा म्हणाली, "डाव्या."

दुसऱ्या दिवसापासून काकांना सोसायटीत लंगडावं लागलं. पहिले काही दिवस त्यांनी ते मन लावून केलं, पण वयामुळे कुठला पाय ते लक्षात राहीना. लिफ्टपर्यंत डावा आणि बाकावरून उठताना उजवा. हंसाबेननी हे पाहिलं आणि वृंदाला हळूच सांगितलं की आता दुसरा पायही गेलेला दिसतो. रोज राब येऊ लागली. काका ती आवडीने पीत आणि म्हणत, पायात रॉड आहे म्हणून चंगळ आहे.

ठरल्या दिवशी सकाळी मी काकांना खाली आणलं. रॉड लांब पिशवीत. काका लंगडत होते, आणि छातीत धाप लागल्यामुळे त्या दिवशी ते खरंच आजारी दिसत होते. दुधाची पिशवी घेऊन हंसाबेन समोर आल्या.

"आटला वहेला? मासाने क्यां लई जाओ छो?"

"लाइन टाकायची आहे आज," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी काकांच्या हाताकडे, दवाखान्यात सलाइनची लाइन टाकतात तिथे, पाहिलं, मग वर पाहिलं. "भगवान सौ सारां वानां करशे," म्हणाल्या आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

आम्ही महीच्या काठी गेलो. (विश्वामित्री घराजवळ आहे, पण तिथे मगरी. तिथे गळ टाकला तर कोण कोणाला धरणार याची खात्री देता येत नाही.) काठावर खडक होते, पाणी संथ होतं. काकांना मी घडीच्या खुर्चीत बसवलं. रीळ त्यांच्यासाठी नवीन, पण रॉड हातात आला आणि माणूसच बदलला. धाप थांबली. कणकेची गोळी लावून त्यांनी गळ असा काही भिरकावला की मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मग आम्ही वाट बघत बसलो. मला त्या सकाळी वाटत होतं की मी एक चांगला माणूस आहे.

ऊन चढायच्या सुमाराला रॉड वाकला. नुसता वाकला नाही, कमान झाला. काका उठून उभे राहिले, दोन्ही पायांवर. "मोठा आहे," एवढंच हळू आवाजात म्हणाले. पाण्यात लांबवर एक रुंद, रुपेरी कूस वर आली आणि गेली. कटला असावा. काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मावशीच्या लग्नातल्या फोटोत आहे, साधारण तसा.

"दे थोडी दोरी, दे," ते स्वतःशीच बोलत होते. पण रीळ दोरी देईना. कारण रिळाची कळ मी घरूनच गच्च आवळून आणली होती. मजबूत लाइन आहे तर सैल कशाला सोडायची, असा माझा विचार. मासा खडकाच्या पलीकडे वळला. ती केसासारखी दोरी खडकाच्या धारेवर एकदाच घासली. टक्. एवढासा आवाज झाला.

रॉड सरळ झाला. काका तसेच उभे राहिले. मग खुर्चीत बसले आणि छातीवर हात ठेवला. मी घाबरून गोळी जिभेखाली ठेवायला दिली. ती त्यांनी घेतली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही मला. बसू दे थोडा वेळ." मला इतकं वाईट वाटलं की मी चार पावलं लांब जाऊन वृंदाला फोन लावला.

आता त्याच वेळी घरी काय चाललं होतं ते सांगतो. वृंदाचे हात कणकेत होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. आणि स्वयंपाकघराच्या दारात, मासाची तब्येत विचारायला आलेल्या हंसाबेन उभ्या होत्या. मी रडवेल्या आवाजात जे बोललो ते असं:

"वृंदा, सगळं संपलं. दोरी तुटली, मासा गेला. हातात आला होता गं. माझीच चूक, मी लाइन चुकीची टाकली."

यानंतर रेंज गेली.

हंसाबेनच्या हातातलं राबेचं पातेलं खाली पडलं. "हाय हाय, मासा गया!" असं म्हणून त्या रडतच बाहेर पळाल्या. इकडे वृंदाला वाटलं, झालं, मासेमारीचं बिंग फुटलं. बाई जीवदया मानणारी, एका माशासाठी एवढी रडते, आपण तोंड कसं दाखवणार! तिने शरमेने दार आतून लावून घेतलं. हंसाबेननी दार लागलेलं पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "बिचारी एकली अंदर रडे छे. हमणां कोई जाशो नहीं."

सोसायटीच्या ग्रुपवर हंसाबेनचा संदेश पडला: मासा देवलोक पाम्या. त्याखाली ॐ शांतिची रांग लागली. मला लोकांनी फोन केले, माझा फोन लागेना. दवाखान्यात असणार, मृतदेह ताब्यात घ्यायला वेळ लागतो, असं जाणकारांनी सांगितलं. आमचं मराठी घर एकटं, इथे माणसं नाहीत, तेव्हा सगळं आपणच करायचं असं ठरलं. मला आज हे लिहितानासुद्धा त्या लोकांबद्दल माया वाटते. कोणी बांबू आणले, कोणी मडकं आणलं, कोणी स्कूटरवरून खंडेराव मार्केटला जाऊन फुलं आणली. कामावर गेलेली माणसं अर्ध्या वाटेतून परत आली.

आणि आम्ही? आम्ही दुपार कलेपर्यंत नदीवर बसून होतो. काका पाण्याकडे बघत होते. मी दोनदा सॉरी म्हणालो. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मोठा होता ना रे?"

"खूप मोठा होता काका."

"हातात घ्यायचा होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "चल घरी."

गाडीत काकांना झोप लागली. मी फाटकातून आत वळलो आणि बघतो तर पार्किंगमध्ये पांढऱ्या कपड्यांतली सगळी सोसायटी. मधोमध तिरडी बांधून तयार. मला वाटलं, कोण गेलं बुवा आपल्यातलं? मी गाडी हळूच बाजूला घेऊ लागलो, तशी सगळी माणसं गाडीकडे वळली आणि त्यांनी हात जोडले. पुढच्या सीटवर मान टाकून बसलेले काका त्यांना दिसत होते. मागून एक कुजबुज मला स्पष्ट ऐकू आली, "आगळनी सीट पर लाव्या?"

गाडी थांबल्याने काकांचे डोळे उघडले. काच खाली करून ते म्हणाले, "कोण गेलं?"

सगळी माणसं एकदम मागे सरकली. हंसाबेन होत्या तिथेच फरशीवर बसल्या. काका दार उघडून उतरले, लंगडायचं साफ विसरून चालत तिरडीपाशी गेले आणि पुन्हा विचारलं, "अहो, कोण गेलं?"

"मासा," कोणीतरी म्हणालं.

"हो, गेला ना," काका म्हणाले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

पुढची पाच-दहा मिनिटं मी आयुष्यात परत जगू इच्छित नाही. मला त्या पांढऱ्या कपड्यांसमोर उभं राहून मराठीत मासा म्हणजे काय, रॉड म्हणजे कुठला आणि लाइन म्हणजे कसली, हे सगळं समजावून सांगावं लागलं. सेक्रेटरी खाली मान घालून ऐकत होते. वृंदा वरून गॅलरीतून डोकावली, तिरडी पाहिली आणि पुन्हा आत गेली. शेवटी हंसाबेननी फरशीवरूनच विचारलं, "एटले माछली हती? मरी गई?"

"नाही, सुटली."

"जीवती छे?"

"हो."

त्यांनी डोळे पुसले. "तो तो पुण्य थयुं कहेवाय," त्या म्हणाल्या, आणि सोसायटीचा निकाल लागला. फुलं आणलेलीच होती, ती काकांच्या गळ्यात पडली. कोणीतरी मागून हळूच विचारलं, "मासा, केटला किलोनो हतो?"

काकांनी थोडा विचार केला. "पाच तरी असेल."

एवढं होईपर्यंत काका तिरडीजवळच उभे होते. त्यांनी वाकून बांबू हाताने चाचपला. "चांगला आहे," म्हणाले. मग बांबूला आवळलेल्या काथ्याच्या दोरीत बोट घालून ती जोरात ओढली. ओढून पाहिली, परत ओढून पाहिली, आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "ही बघ. ही नाही तुटायची. ज्याने आणली त्याला विचारून लाइन घ्यायची होतीस."

त्या दिवसापासून काका खाली उतरले की प्रत्येक जण विचारायचा, केटला किलोनो हतो? आणि मासा वाढत गेला. संक्रांतीच्या उत्तरायणापर्यंत तो नऊ किलोंचा झाला होता. होळीच्या आसपास काका दोन्ही हात पसरून दाखवायला लागले, तेव्हा त्यांचे हात फार बारीक झाले होते आणि पसरले की थरथरायचे. हंसाबेन दर वेळी नव्याने आश्चर्य करायच्या. राब चालूच होती.

मी तंगूस आणली होती. साधी, नायलॉनची, फार जाड नाही, फार बारीक नाही. ती काकांनी स्वतः रिळावर भरली. दुपारी गॅलरीत बसून ते तिचं टोक दोन बोटांत धरून हळूच ताणायचे आणि सोडायचे. "ऐकते," म्हणायचे. थोडी ताकद आली की परत महीवर जायचं ठरलं होतं. मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही, पण आम्ही कुठला खडक टाळायचा इथपर्यंत बोलून ठेवलं होतं.

ताकद आली नाही. एका दुपारी मी चहा घेऊन गॅलरीत गेलो तर ते खुर्चीत गेलेले होते. रीळ मांडीवर होतं. ती तंगूस अजून कोरडी आहे, घरात आहे. मी ती कोणाला देत नाही.

त्या दुपारी माझं डोकं चालत नव्हतं. वृंदा डॉक्टरांना फोन करत होती. सोसायटीला कळवायला हवं म्हणून मी ग्रुप उघडला. एकच ओळ लिहायची होती. त्यांना कळेल अशी, साधी. मी लिहिलं: मासा गया.

लगेच सगळ्यांचे हसरे चेहरे आले, एकामागून एक. त्याखाली हंसाबेनचं उत्तर आलं: आ वखते केटला किलोनो?

मी उठून समोरचं दार वाजवलं. हंसाबेननी हसत हसत दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण ते कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना. मग त्या माझा हात धरून रडल्या. मीही रडलो, अगदी लहान मुलासारखा, तिथेच जिन्यात.

पुन्हा पांढरे कपडे आले, पुन्हा सगळे कामावरून परतले. सेक्रेटरी बांबूला निघाले, कोणी मडक्याला, कोणी खंडेराव मार्केटला. मला नुसतं बसवेना. मी चपला घातल्या आणि म्हणालो, "दोरी मी घेऊन येतो."

हंसाबेननी पदराने डोळे पुसले आणि माझ्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली.

"ना भाई," त्या म्हणाल्या. "दोरी तमे रहेवा दो."